‘साइट बंद आहे’ म्हणजे नेमकं काय बंद आहे?

(अमडापूर, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे तरुण-तरुणींसमोर केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं संपादित केलं आहे.)



इंजिनिअर कसं व्हावं, पॅकेज किती मिळतं, हे मी आज सांगणार नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत. मी एका वाक्याबद्दल बोलणार आहे. तुम्ही ते सेतू केंद्रावर, झेरॉक्सच्या दुकानात, कॉलेजच्या खिडकीवर ऐकलं आहे. “साइट डाऊन है, कल आना.”

हे वाक्य ऐकलं की आपण काय करतो? उठतो आणि घरी जातो. अब्बांची त्या दिवशीची मजुरी बुडालेली असते, चिखलीहून यायचं-जायचं भाडं गेलेलं असतं. उद्या परत येतो. उद्या शेवटची तारीख असते.

या वाक्यात एक गंमत आहे. त्यात दोष कुणाचाच नाही. साइट बंद आहे, बस. पाऊस पडतो तशी ती बंद पडते. मी गेली दहा-बारा वर्षं सर्व्हरच्या बाजूचं काम करते आणि माझ्या पगाराचा निम्मा भाग याच एका कामाचा आहे: कुणी म्हणालं ‘चालत नाही’, की नेमकं कुठे चालत नाही ते शोधून काढायचं. त्या अनुभवावरून सांगते, ‘साइट बंद आहे’ या एका वाक्यात निदान दहा वेगवेगळे आजार लपलेले असतात. त्यातले निम्मे आपल्याच टेबलावरचे असतात आणि पाच मिनिटांत बरे होतात. उरलेले खरोखर त्यांचे असतात, आणि ते त्यांचे आहेत हे दाखवून देता येतं. आज तेवढंच शिकायचं आहे.

एक ताजं उदाहरण घेऊ. १३ मे २०२५ ला दहावीचा निकाल लागला. साडेचौदा लाखांच्या आसपास मुलं पास झाली. त्या वर्षी पहिल्यांदाच अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश सगळ्या राज्याला लागू झाला. त्याआधी तो मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा महानगरांपुरता होता. म्हणजे आपल्या अमडापूरच्या मुलीला चिखलीच्या कॉलेजात जायचं असलं तरी अर्ज त्याच एका संकेतस्थळावर. २१ मे ला नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडलं आणि नोंदणी २६ मे ला नव्याने सुरू करावी लागली.

आता जरा हिशेब करू. समजा साडेचौदा लाखांपैकी फक्त दहा टक्के मुलांनी एकाच तासात ते पान उघडलं. म्हणजे एक लाख पंचेचाळीस हजार. एक पान उघडायला ब्राउझर सर्व्हरकडे एकदा नाही जात, चित्रं, रंग, छोटे प्रोग्रॅम असं मिळून सहज साठ वेळा जातो. गुणाकार करा, ८७ लाख मागण्या. तासाचे ३,६०० सेकंद. सेकंदाला दोन हजार चारशेच्या वर. आणि पान उघडलं नाही की आपण काय करतो? रिफ्रेश. परत रिफ्रेश. चार जण चार मोबाइलवरून रिफ्रेश. रेशनच्या रांगेत माणूस पुढे सरकत नाही म्हणून तोच माणूस चार जागी उभा राहिला तर रांगेचं काय होईल, तेच सर्व्हरचं होतं. आपली धडपड समजण्यासारखी आहे, पण ती आगीत तेल ओतते.

अशा दिवशी तुमच्या पडद्यावर काय लिहून येतं, ते वाचायला शिका. त्यासाठी आधी मागणीचा प्रवास समजून घेऊ.

तुम्ही पत्ता टाइप केला. तुमच्या मशीनला नाव कळत नाही, तिला आकडा लागतो, आयपी अ‍ॅड्रेस. म्हणून आधी ती डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारते, या नावाचा आकडा काय? माणूस ओळखीचा आहे पण नंबर नाही, मग आपण मामूला फोन करून नंबर घेतो, तसं. हे पहिलं पाऊल. दुसरं, त्या आकड्याशी जोडणी. तुमची मशीन म्हणते, ‘बोलू का?’ समोरून येतं, ‘बोल, ऐकू येतंय का?’ ही म्हणते, ‘येतंय.’ या तीन वाक्यांना टीसीपी हँडशेक म्हणतात. तिसरं पाऊल, ओळखपत्र. समोरचा खरोखर तोच आहे का, हे प्रमाणपत्र बघून ठरतं आणि बोलणं कुलपात जातं. पत्त्याच्या सुरुवातीला जे एचटीटीपीएस असतं, त्यातला शेवटचा एस याचा. आणि चौथं, प्रत्यक्ष मागणी: ‘मला अर्जाचं पान द्या.’ त्यावर सर्व्हर उत्तर देतो आणि उत्तराच्या डोक्यावर तीन आकडी कोड असतो.

चार पावलं. प्रत्येक पावलावर पडल्याचा आवाज वेगळा.

पहिल्यावर पडलात तर ब्राउझर म्हणतो, सर्व्हरचा आयपी अ‍ॅड्रेस सापडला नाही. खाली ‘डीएनएस प्रोब’ असं काहीतरी असतं. स्पेलिंग बघा. ते बरोबर असेल तर डीएनएस बदलून बघा, गूगलचं ८.८.८.८ किंवा क्लाउडफ्लेअरचं १.१.१.१. साइट जिवंत असते, फक्त आपल्या कंपनीचा मामू फोन उचलत नसतो.

दुसऱ्यावर पडलात तर ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ किंवा ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. टाइम्ड आउट म्हणजे हाक मारली, कुणी ओ दिली नाही. रिफ्यूज्ड म्हणजे दार वाजवलं आणि आतून कडी लावली. दुसरं उत्तर खरं तर चांगलं, कारण रस्ता तिथपर्यंत नीट आहे एवढं त्यातून कळतं.

तिसऱ्या पावलावर मी जरा थांबते, कारण गावाकडे हा आजार फार दिसतो आणि फार सोपा असतो. जुना डेस्कटॉप आहे, केंद्रावर सात-आठ वर्षं चाललाय. सकाळी चालू केला की एकही सरकारी साइट उघडत नाही, बँक उघडत नाही, सगळीकडे ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. केंद्रवाला भाऊ म्हणतो व्हायरस आला, फॉरमॅट मारावा लागेल, पाचशे रुपये. तुम्ही काय करायचं? उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ बघायचं. तारीख २०१२ ची किंवा असलीच काहीतरी दिसेल. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. तो संपला की लाइट गेल्यावर मशीन तारीख विसरते. प्रमाणपत्राला मुदत असते, ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’. मशीनला वाटतं आपण २०१२ मध्ये आहोत आणि हे प्रमाणपत्र अजून जन्मालाही आलेलं नाही. म्हणून ती नकार देते, आणि तिच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. तारीख दुरुस्त करा, सेल बदला. घड्याळवाल्याकडे मिळतो. पण घड्याळ बरोबर असूनही हा इशारा आला, तर मात्र ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. निदान जिथे आधार किंवा बँकेचा नंबर टाकायचा आहे तिथे तर नाहीच.

चौथं पाऊल म्हणजे खरा खजिना. लॅपटॉपवर किंवा डेस्कटॉपवर क्रोम उघडा आणि एफ-१२ दाबा. बाजूला एक खिडकी उघडेल. त्यात ‘नेटवर्क’ नावाचा टॅब. ‘प्रिझर्व्ह लॉग’वर टिक करा, नाहीतर पान बदललं की नोंदी पुसल्या जातात. आता पान परत उघडा. एकेक मागणी ओळीने येईल: नाव, कोड, किती वेळ लागला. शाळेच्या हजेरीपटासारखं. तुमच्या ब्राउझरने कुणाला काय मागितलं आणि कुणी काय दिलं, सगळं तिथे.

कोड वाचायची एक ढोबळ रीत आहे. दोनशेचे कोड म्हणजे ठीक. तीनशेचे म्हणजे दुसरीकडे जा. चारशेचे म्हणजे सर्व्हर म्हणतोय ‘तुमच्या मागणीत काहीतरी गडबड आहे’. पाचशेचे म्हणजे ‘गडबड माझ्याकडे आहे’. हा फरक पाठ करा. पडद्यावर दोन्ही वेळा एकच गुळमुळीत वाक्य येतं, ‘समथिंग वेंट राँग’. खालचा कोड मात्र सहसा खोटं बोलत नाही.

४१३ म्हणजे फाइल फार मोठी. ४०१ म्हणजे तुमचं लॉगिन संपलं; अर्ज भरता भरता चहा प्यायला गेलात, सेशनची मुदत गेली. ४२९ म्हणजे फार वेळा ठोठावलंत, थांबा. ४०३ म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. याचं एक कारण आपल्या घरांमध्ये नेहमी दिसतं. भाईजान कुवेतला आहेत, त्यांना वाटतं मी इथून बहिणीचा फॉर्म भरून देतो. काही सरकारी साइट परदेशातल्या आयपीला आत घेतच नाहीत. तुम्ही इथेच बसून फोनवर व्हीपीएन चालू ठेवलंत तरी तेच होतं, कारण सर्व्हरला तुम्ही सिंगापूरचे वाटता.

पाचशेच्या घरात, ५०० म्हणजे त्यांचा प्रोग्रॅम फसला. ५०३ म्हणजे क्षमता संपली किंवा देखभाल चालू आहे. ५०२ आणि ५०४ मध्ये पुढच्या काउंटरवरचा माणूस जागेवर असतो, आतल्या खोलीतला उत्तर देत नाही किंवा भलतंच उत्तर देतो. यापैकी काहीही दिसलं तर तुमचं नेट, तुमचा मोबाइल, तुमचं गाव, कशाचाही दोष नाही. शांतपणे फोटो काढा. ते कशासाठी, ते पुढे येतंय.

आणि एक लबाड प्रकार. कोड २०० असतो, पण ओळीवर क्लिक करून ‘रिस्पॉन्स’ उघडलं की आत लिहिलेलं असतं: नाव जुळत नाही. आधारवर ‘शेख’ आधी आहे, गुणपत्रिकेवर शेवटी. आपल्या नावांचं हे दुखणं तुम्हाला मी काय सांगू! पडद्यावर नुसतं ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं, आणि पोरगी दहा वेळा पुन्हा प्रयत्न करत बसते. दहा वेळा काय, शंभर वेळा करूनही ते जुळणार नाही. कारण आत लिहिलेलं आहे, फक्त कुणी वाचलेलं नाही.

वेळेचंही तसंच. एखाद्या ओळीवर क्लिक करून ‘टायमिंग’ बघा. ‘वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स’ची पट्टी लांब असेल तर बहुतेक सर्व्हर विचार करत बसलाय. ‘कंटेंट डाउनलोड’ लांब असेल तर आपली लाइन बारीक आहे. ‘रिक्वेस्ट सेंट’ लांब असेल तर तुम्ही वर काहीतरी जड चढवताय. मोबाइल नेटवर वर चढवण्याचा वेग खाली उतरवण्यापेक्षा बराच कमी असतो. दोन एमबीचं पीडीएफ म्हणजे १६ मेगाबिट. वर चढायचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट असेल तर ३२ सेकंद. अशी सहा कागदपत्रं म्हणजे तीन मिनिटांच्या वर, तेही मध्ये तुटलं नाही तर. म्हणून घरून निघण्याआधीच फाइली लहान करून घ्या. पोर्टलची मर्यादा कितीही असो, लहान फाइल आपल्या सोयीची.

पिंग आणि ट्रेसरूट तुमच्यापैकी कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनी ऐकलं असेल. विंडोजमध्ये काळ्या खिडकीत ‘पिंग’ आणि ‘ट्रेसर्ट’ लिहून करतात. इथून मुंबई सरळ रेषेत साधारण चारशे किलोमीटर. फायबर रस्त्यारस्त्याने वळत जाते, पाचशे धरा. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन पाच मिलिसेकंद. पिंग जर तीनशे दाखवत असेल तर उरलेला वेळ वाटेत कुठेतरी थांबण्यात गेला, टॉवरवरच्या गर्दीत, घरच्या राउटरमध्ये, कुठेही. आधी आपल्याच राउटरला पिंग करा. तिथेच पन्नास-साठ लागत असतील तर मुंबईला दोष देऊ नका, राउटर भिंतीआडून बाहेर काढा. आणि एक सावधगिरी: पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे साइट बंद, असं नसतं. पुष्कळ सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. ट्रेसरूटमध्ये मधे तारे दिसले की नवशिके ओरडतात ‘इथे तुटलं!’ तारा म्हणजे त्या राउटरने स्वतःबद्दल बोलायला नकार दिला, एवढंच. त्याच्या पुढचे टप्पे दिसत असतील तर रस्ता चालू आहे.

सगळ्यात स्वस्त चाचणी वेगळीच आहे. सिम बदला. शेजाऱ्याचं हॉटस्पॉट घ्या. एका कंपनीवर उघडते, दुसरीवर नाही, तर सर्व्हर सुटला, वाट अडली. कधीकधी ती मुद्दाम अडवलेली असते. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी सहा मोठ्या कंपन्यांची जाळी तपासली होती. २०२० मध्ये आलेल्या त्या निबंधात दिसतं की कोणती साइट अडवायची आणि कशी अडवायची, यात कंपन्यांमध्ये मेळ नव्हता. कुणी डीएनएसमध्ये खोटा आकडा देतं, तर कुणी जोडणी जुळताना उघड्यावर जाणारं साइटचं नाव वाचून तिथेच तोडतं. ग्राहकाला मात्र एकच दिसतं: साइट बंद आहे.

दोन ठिकाणी मोजायचं, हे माझ्या धंद्याचं मूळ तत्त्व आहे. ते किती महाग पडू शकतं ते पुण्यात दिसलं. ऑगस्ट २०१८, कॉसमॉस बँक. एरवी तुम्ही एटीएममध्ये कार्ड घातलं की मागणी बँकेच्या स्विचमधून मुख्य प्रणालीकडे जाते, ‘खात्यात पैसे आहेत का?’ आणि मुख्य प्रणाली हो किंवा नाही म्हणते. चोरांनी मध्येच स्वतःचा नकली स्विच बसवला. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, नकली स्विचच ‘हो, द्या’ म्हणत होता. ११ ऑगस्टला २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी गेले, देशातून अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टमार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला. एकूण ९४ कोटी ४२ लाख. बाहेर मंजुऱ्या हजारोंनी होतायत आणि आत त्या मागण्यांची नोंदच नाही. हे दोन आकडे कुणी शेजारी ठेवले असते तर तिथेच बोंब ठोकली असती. दाराशी किती आले आणि पंगतीत किती बसले, इतका साधा हिशेब आहे हा. आपल्या दावतीत तो ठेवतोच की आपण!

आता एका मुलाने मघाशी चहाच्या वेळी विचारलं, “आपा, हे हॅकिंग तर नाही ना?” प्रश्न योग्य आहे आणि आपल्या पोरांनी तो विचारायलाच हवा. स्वतःच्या ब्राउझरने काय पाठवलं ते बघणं म्हणजे स्वतःचं पोस्टाचं पाकीट बघणं. त्यात काही गैर नाही. वायरशार्क नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. १९९८ मध्ये तो इथरिअल नावाने आला, २००६ मध्ये नाव बदललं. तो तुमच्या नेटवर्क कार्डावरचं पाकीट न् पाकीट दाखवतो. शिकायला त्याच्यासारखी दुसरी शाळा नाही. पण स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या राउटरवर. केंद्राच्या वायफायवर दुसऱ्याचं टिपायला गेलात, किंवा साइटच्या मागणीत आकडे बदलून दुसऱ्याचा अर्ज उघडतो का ते बघायला गेलात, की माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची कलमं ४३ आणि ६६ तुमच्या मागे लागतात. ‘नुसतं बघत होतो’ हे पोलीस ठाण्यात चालत नाही. आणि आपल्या मुलाच्या बाबतीत तर ते जास्तच चालत नाही, हे मी सांगायची गरज नाही.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. वायफाय ज्याचं आहे त्याला एचटीटीपीएसमुळे तुमचा मजकूर दिसत नाही, पण तुम्ही कोणत्या साइटवर गेलात ते साधारण दिसतं. मोठ्या मुलींनो, तुम्ही एखाद्या दवाखान्याची, एखाद्या हेल्पलाइनची साइट केंद्रावरून बघत असाल तर हे माहीत असू द्या.

मघाशी म्हटलं होतं, फोटो काढून ठेवा. ते का, ते सांगते. वक्फ मालमत्तांच्या नोंदणीचं उमीद पोर्टल ६ जून २०२५ ला सुरू झालं. मुदत सहा महिने. शेवटच्या आठवड्यांत देशभरातले मुतवल्ली सांगत होते की पोर्टल चालत नाही, अडकतं. मुदतवाढीसाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १ डिसेंबरला न्यायालयाने सरसकट मुदतवाढ नाकारली आणि सांगितलं, कायद्यात सोय आहे, ज्याला अडचण आली त्याने न्यायाधिकरणाकडे जावं. मुदत संपली तेव्हा पाच लाख सतरा हजारांच्या वर मालमत्तांची नोंद सुरू झाली होती आणि मंजूर झाल्या होत्या दोन लाख सोळा हजारांच्या आसपास.

न्यायाधिकरणाकडे जायचं म्हणजे आपल्या महाराष्ट्रात छत्रपती संभाजीनगरला. तिथे उभं राहून काय सांगणार? ‘साइट डाऊन थी’? समोरचा वकील विचारेल, कधी? किती वाजता? कशावरून? तुमचं नेट बंद नव्हतं कशावरून? कायदा बरा की वाईट, त्यावर आपल्यात मतं आहेत, त्याची सभा वेगळी घेऊ. पण कब्रस्तानाच्या कागदासाठी चार महिने खेपा घालणाऱ्या चाचांकडे तारीखवार एक पान असतं, तर त्यांचं म्हणणं नुसतं गाऱ्हाणं राहिलं नसतं.

ते पान कसं असावं? एक वही घ्या. तारीख, वेळ मिनिटासह, पानाचा पूर्ण पत्ता, अर्जाचा क्रमांक, कोड, कोणतं नेट. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीच्या नेटवर काय दिसलं. त्याच वेळी दुसरी एखादी साइट उघडत होती का. पडद्याचा फोटो असा, की घड्याळ आणि पत्ता दोन्ही त्यात येतील. नेटवर्क टॅबमध्ये बाणाचं चिन्ह आहे, त्याने सगळी नोंद एका फाइलमध्ये उतरते, तिला हार फाइल म्हणतात. ती जपून ठेवा, पण व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका. तिच्यात तुम्ही भरलेला आधार नंबर असू शकतो, आणि जुन्या ब्राउझरमध्ये तर लॉगिनची किल्लीही. मग तक्रार लिहा: “अमुक तारखेला ११ वाजून ४२ मिनिटांनी ‘सबमिट’ दाबल्यावर ५०४ आला, ११.५० ला दुसऱ्या कंपनीच्या नेटवर पुन्हा ५०४. दरम्यान इतर दोन साइट व्यवस्थित उघडत होत्या.” ही तक्रार माझ्या टेबलावर आली तर मी ती बाजूला सारू शकत नाही. मला माझ्या सर्व्हरच्या नोंदीत ११.४२ ला जाऊन बघावंच लागतं. ‘तुमची साइट चालत नाही’ असं लिहून आलं, तर खरं सांगते, आम्ही ‘ब्राउझरची कॅश साफ करा’ असं उत्तर पाठवून मोकळे होतो.

एक प्रश्न राहिला, मागच्या रांगेतल्या मुलीने विचारलेला: आमच्याकडे लॅपटॉप नाही, मोबाइलवर हे सगळं दिसतं का? अँड्रॉइडच्या क्रोममध्ये हा नेटवर्क टॅब नाही. मोबाइल केबलने कुणाच्या कॉम्प्युटरला जोडला की मोबाइलवरच्या पानाच्या नोंदी कॉम्प्युटरवर बघता येतात, ते मी आत्ता दाखवते. तेही नसेल तर वही आहे, घड्याळ आहे आणि दुसरं सिम आहे. पडद्यावरची इंग्रजी ओळ जशीच्या तशी उतरवून घ्या, खालची बारीक अक्षरंही. चला, केबल कुणाकडे आहे?